अकरा क्विंटल लोखंड आन विठ्ठलरावचा कापूस

…नाही, मशीनीत खोट नाही. हे पह्यले डोक्यात घालून घ्या, मंग बाकीचं सांगतो. कारन बोरीत जो भेटते तो हेच विचारते, का हो रहेमानभाई, खराब माल गळ्यात पडला म्हने तुमच्या? अरे बाप्पा, अकरा क्विंटलचं लोखंड कोनाच्या गळ्यात पडते? पडलं असतं तं मी तुम्हाले सांगाले अथी उभा राह्यलो असतो काय? मशीन मी पाह्यली, मी पसंत केली, मी आनली, आन आनताना जे जे झालं ते सारं मानसाईच्या चुकीनं झालं. त्यातली पह्यली चूक माही, दुसरी विठ्ठलरावची, आन तिसरी कोनाची हे ठरवाले आम्ही दोघं अजूनही कधी कधी चहा घेऊन बसतो. पन मशीनीत खोट नाही.

आता तुम्ही म्हनान, मिलिंग मशीन म्हंजे काय असते. विचारा, आमच्या घरीही विचारलं होतं. माहं घर म्हंजे कसं, समोर दुकान, मांगं सैपाकघर, मधात आम्ही. दुकानात सतरा वर्षांपासून लेथ हाय. लेथवर काय होते, वस्तू गरगर फिरते आन हत्यार एका जागी बसून तिले सोलते. मिलिंगवर उलटं. हत्यार फिरते, वस्तू टेबलावर गपचूप बसते आन टेबल सरकते. त्याच्यावर गिअरचे दात पाडता येते. एवढंच. पन हे एवढंच माह्यापाशी नव्हतं ना. म्हनून जिनिंगवाल्याचा गिअर तुटला का तो मी लेथवर गोल करून घ्याचा आन दात पाडाले अमरावतीले न्याचा, एसटीत, मांडीवर घेऊन. जाताना गोल, येताना दातवाला. सतरा वर्षं. कंडक्टर मले नावानं ओळखे. एकानं तं गिअरचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

आन साल कोनतं, तं दोन हजार पाच. कापसाचे ते दिवस तुम्हाले मी कायले सांगू, तुम्हीही पाह्यले हायेत. कास्तकार कापूस घेऊन लायनीत उभा, लायन खरेदी केंद्रापासून निंघे तं गावाच्या बाहेर लोकाईच्या वावरापर्यंत जाये, आन कास्तकार लायनीत उभा म्हनल्यावर बाकीचं गावही जागच्या जागी उभं. फवारनीचा पंप बिघडला तं दुरुस्तीले कोनी आने ना. इंजिनचा पट्टा तुटला तं सुतळीनं बांधून चालवे. दिवसभर दुकानात मी आन लेथ, एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यलो.

तेवढ्यात आसिमचा फोन. आसिम म्हंजे माहा साळा, माह्या गुलनारचा लहाना भाऊ, औरंगाबादले त्याचं वर्कशॉप हाय. दर जुम्म्याले नमाज झाली का त्याचा फोन, "दुल्हाभाई, उधर अब क्या रखा है? इधर आ जाओ ना, मेरे यहाँ एक आदमी की जगह है." एक आदमी की जगह. म्हंजे मी. म्हंजे साळ्याच्या दुकानात पगारी फिटर. सकाळी जाऊन त्याले सलाम कऱ्याचा, आन तो घड्याळाकडे पाहून म्हनन, दुल्हाभाई, आज जरा लेट हो गए आप. तुम्हाले सांगतो, आसिम मानूस भल्ला चांगला हाय, तोंडातून वाकडा शब्द नाही, पन त्याच्या निकाहाच्या दिवशी घाबरून त्याच्यानं शेरवानीचं बटन लागून नव्हतं राह्यलं, ते मी लावून देलं होतं. असं बटन लावल्यावर मानसाच्या हाताखाली काम होते काय?

गुलनारही सहा महिन्यांपासून औरंगाबादचंच म्हने, आन मी म्हनलं, मिलिंग मशीन आनली तं अथीच भागन. मंग तिचं म्हननं साधं होतं. तिनं पोळी लाटता लाटता सांगितलं, "फिजा के अब्बा, बकरीद तक देखूँगी. बकरीद के पहले तुम्हारी मशीन घर में आके चल गई, तो इधर ही रहेंगे. नहीं तो आसिम टेम्पो लेके आयेगा, और मैं बर्तन भरना शुरू कर दूँगी." बकरीद जानेवारीच्या अकराले. हातात वीस-बावीस दिवस.

मले बोरी सोडाची नव्हती. आता का नव्हती, ते काही मले नीट सांगता येत नाही. अथी मले लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सारे मिस्त्री म्हनते. औरंगाबादले म्हनले असते, ए चाचा, ते पाना दे. बस, एवढंच. 

मंग कोनीतरी सांगितलं का पुसदले घनश्यामसेठ म्हनून हाय, त्याच्या बापाचं वर्कशॉप होतं, बाप गेला, वर्कशॉप बंद झालं, मशीन तशीच पडून हाय. गेलो. पाह्यतो तं मशीन गोडाऊनात, चारी बाजूनं तुरीचे कट्टे, आन मशीनीच्या टेबलावर पापड. हो, पापड. उडदाचे. घनश्यामसेठची आई, हंसाबाई, नऊ वर्षांपासून त्या टेबलावर पापड लाटून राह्यली होती. आता हे टेबल म्हंजे काय चीज असते, केसाच्या दहाव्या भागाइतकंही वर-खाली नसते, कारखान्यात घासून घासून केलेलं असते, आन त्याच्यावर हे बाई पापड लाटते. मी म्हनलं, माय, याच्यावर कायले? तं म्हने, "बाबू, असं सपाट पुसदात दुसरं नाही." तिचं बरोबर होतं. पुसदातच काय, दारव्ह्यातही नव्हतं. आन त्याच्यावर तिच्या हातचं तेल नऊ वर्षं लागलेलं, त्यानं टेबलाले एक डाग नाही. मी हँडल हाती धरलं, वाटलं जाम असन, बोटानं उलसंक ढकललं तं टेबल सरकलं. आवाज नाही, धक्का नाही. तुम्हाले सांगतो, माह्या डोळ्यात पानी आलं. पन सौदा कऱ्याचा होता म्हनून मी तोंड वाकडं केलं आन म्हनलं, "जुनी हाय."

घनश्यामसेठ म्हने, "जुनी म्हनूनच विकून राह्यलो ना."

"चालते काय?"

"चालते म्हंजे? लाइन कापली हाय म्हनून, नाहीतं आतापर्यंत ते स्वतः तुमच्या घरी आली असती."

सौदा झाला. हंसाबाई तेवढी नाराज. मले विचारे, तुमच्या घरी पापड होते काय? मी म्हनलं, होईन माय, याच्यावर सारं होईन. मशीनीत खोट नाही.

आता आनाची कशी? पुसदहून बोरी म्हंजे दिग्रस, दारव्हा, शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. ट्रकवाल्याले विचारलं, ट्रक कापसाच्या लायनीत. मेटॅडोरवाल्याले विचारलं, मेटॅडोर लायनीत, ड्रायव्हर मेटॅडोरच्या खाली झोपलेला. चाकावर चालनारं जे काही या जिल्ह्यात होतं ते सारं त्या महिन्यात लायनीत. मी तं म्हनतो, यमाचा रेडा आला असता तं त्यालेही आधी टोकन घ्या लागलं असतं.

मंग आठवले विठ्ठलराव. विठ्ठलराव आमच्याच गावचे, माह्या बरोबरीचे, ट्रॅक्टर-ट्रॉली घरची. त्याईच्या ट्रॅक्टरचा प्रत्येक बोल्ट मले ओळखते. गेलो त्याईच्या घरी तं विठ्ठलराव ट्रॉलीत कापूस भरून राह्यले. म्हनलं, कोठी? म्हने, पुसद. म्हनलं, काहून, दारव्हा जवळ नाही काय? म्हने, "दारव्ह्याले लायन लंबी हाय. पुसदले लहान हाय म्हने."

"कोन म्हने?"

"लोकं."

मी म्हनलं, याच्याहून चांगलं काय पाह्यजे. जाताना कापूस, येताना मशीन, रिकामी ट्रॉलीही वाया नाही. विठ्ठलराव म्हने, चाल बस. बसलो कापसावर. कापसावर बसून प्रवास भल्ला मऊ होते, थंडीही लागत नाही. फक्त एक गोष्ट मले खटकली. दारव्ह्याच्या समोर गेल्यावर समोरून कापसाचे ट्रॅक्टर येऊन राह्यले. एक, दोन, पाच, बारा. मी एकाले हात करून विचारलं, कुठले जी? म्हने, पुसदचे. दारव्ह्याले चाललो. तथी लायन लहान हाय म्हने.

मी विठ्ठलरावकडे पाह्यलं. विठ्ठलराव रस्त्याकडे पाहून राह्यले.

पुसदले लायनीत आम्ही तीन दिवस. तुम्हाले सांगतो, माहा कापसाशी संबंध नाही, माह्या बापाचा नव्हता, आजाचा नव्हता, आमच्या खानदानात कोनी तुळशीएवढी पऱ्हाटी लावली नाही, पन मी तीन दिवस लायनीत. विठ्ठलराव आंघोळीले गेले का मी ट्रॅक्टरवर, मी नमाजले गेलो का विठ्ठलराव ट्रॅक्टरवर. रोज समोर किती सरकलो, तं एक ट्रॉली. एक दिवस तं मांगं सरकलो, कसे सरकलो ते अजून कळलं नाही. आन चौथ्या दिवशी सकाळी एक मानूस स्टुलावर उभा राह्यला आन म्हने, गोडाऊन भरलं, जागा नाही, पुढची तारीख कळवू. खाली उतरला, स्टूल घेऊन गेला.

विठ्ठलरावनं ताडपत्री नीट केली, खिशातून पुडी काढली, खाल्ली, आन मले म्हने, "चाल, तुही मशीन घेऊ."

मी म्हनलं, विठ्ठलराव, ट्रॉलीत तं कापूस हाय.

म्हने, "हाय तं हाय. दोघंही जाईन."

आता अथून ऐका, कारन सारं अथीच झालं. माहे उस्ताद अब्रारभाई, अल्ला त्याईले जन्नत देवो, त्याईनं मले शिकवताना एक गोष्ट कानात घातली होती, "मशीन को सूखी मत हिलाना." कोरडी मशीन हालवू नको. त्याईचं म्हननं होतं, सरकत्या भागाले ग्रीस लाव. मी लावलं, बोटभर जाड लावलं, पेढ्यासारखं. पन मन भरे ना. मले वाटलं, नऊ वर्षांनी घराबाहेर निंघून राह्यली, नव्या घरी जाऊन राह्यली, तिले उपाशी पोटी काहून नेऊ? म्हनून पुसदच्या बाजारातून नवंकोरं गिअर ऑइल आनलं आन गिअर बॉक्स गळ्यापर्यंत भरला. जुनं तेल काढून, धुवून, नवं. हंसाबाई पाहून राह्यली होती, म्हने, पोरगी सासरी पाठवल्यासारखं करतो रे. मले बरं वाटलं.

हे माही चूक. आता विठ्ठलरावची.

चेन पुली लावली, सहा मानसं धरले, मशीन ट्रॉलीत उभी ठेवली. विठ्ठलराव चारी बाजूनं फिरले. म्हने, "रहेमान, हे डोक्यात जड हाय. दिग्रसच्या वळनावर कलंडन. आडवी घाल."

आन तुम्हाले सांगतो, मानसाचं बोलनं शंभर टक्के बरोबर होतं. विठ्ठलरावनं तीस वर्षं ट्रॉली भरली, कडबा भरला, बल्ल्या भरल्या, एकदा कलंडली नाही, कारन नेम एकच, उभं कायी न्याचं नाही. मंग आधी अर्धा कापूस खाली ताडपत्रीवर काढला, ट्रॉलीत राह्यलेल्या कापसाची गादी केली, तिच्यावर मशीन आडवी निजवली, आन काढलेला कापूस वरून घातला. बाजूनं दाबला, वरून थापटला. विठ्ठलराव म्हने, "रस्त्यानं कोनाची नजरही नको." चांगलं तीन फूट खाली गेली मशीन. मी तं म्हनलं, याच्याहून चांगलं बांधकाम कारखान्यातही होत नसन.

नवं तेल गळ्यापर्यंत भरलेली मशीन, आन आडवी. हे वाक्य परत एक डाव मनात म्हनून पाहा. त्या दिवशी तथी आम्ही आठ मानसं होतो, त्यातला एक तं मिस्त्री होता, आन कोनालेच काही वाटलं नाही.

निंघालो. दिग्रसच्या अलीकडे एका जिनिंगसमोर गर्दी. विठ्ठलरावनं ब्रेक दाबला. एक मानूस म्हने, खरेदी चालू हाय, आजचाच दिवस, समोर नऊ गाड्या. नऊ. तीन दिवस ज्यानं सव्वाशे गाड्या मोजल्या त्याले नऊ म्हनलं का काय होते ते तुम्हाले माहीत हाय. विठ्ठलरावनं स्टेअरिंग फिरवलं, टोकन घेतलं, तेव्हा मी म्हनलं, "अहो विठ्ठलराव, आत मशीन हाय."

म्हने, "मंग?"

"मंग वजन?"

म्हने, "भरलेली ट्रॉली काट्यावर. मंग कापूस काढून ट्रॉली परत काट्यावर. मशीन दोन्ही डाव आतच. राह्यलं ते कापसाचं वजन. काहून, चुकलं काय?"

नव्हतं चुकलं. मी बोटावर करून पाह्यलं, बरोबर येत होतं. मानूस सातवी शिकलेला, पन हिशोब असा का ग्रामसेवकालेही नाही सुचनार. आन हेच ते तिसरी चूक.

नऊ गाड्या गेल्या. ग्रेडर आला. ग्रेडर म्हंजे जो कापूस पाहून दर्जा ठरवते तो. चष्मा, स्वेटर, कोरडा मानूस. वरचा कापूस हातात घेतला, ओढला, मान हालवली. चांगला हाय म्हने. विठ्ठलरावची छाती उलशीक वर आली. पन ग्रेडर लोकाईले एक सवय असते, वरून चांगला दिसला का ते खाली हात घालते, कारन काही लोकं वर चांगला आन खाली ओला भरते. त्यानं स्वेटरची बाही वर केली आन खांद्यापर्यंत हात आत घातला. तथीच थांबला. त्याचं तोंड मी पाह्यलं. मानसाले अंधारात कोनीतरी हात मिळवल्यावर जसं तोंड होते तसं तोंड. हात बाहेर काढला तं कोपरापर्यंत काळा, आन मुठीत कापूस, तोही काळा, आन त्यातून थेंब पडून राह्यला.

 ग्रेडरनं वास घेतला. "हे काय हाय?"

आता विठ्ठलरावनं काही सांगाले पाह्यजे होतं, कापूस त्याईचा. पन विठ्ठलराव त्या थेंबाकडे पाहून राह्यले. म्हनून मी सांगितलं, "नव्वद नंबरचं गिअर ऑइल हाय साहेब. नवं हाय."

मले वाटलं, जुनं तेल म्हनून गैरसमज होऊ नये.

ग्रेडर म्हने, "तीस वर्षं झाली मले. ओला पाह्यला, पिवळा पाह्यला, किडका पाह्यला, एका डाव कापसात साप पाह्यला. याले माह्या वहीत रकाना नाही." असं म्हनून त्यानं त्याच कापसाले हात पुसला. आन तुम्हाले सांगतो, हात झकास पुसल्या गेला.

मंग झाली गर्दी. कापसात लोखंड भरलं, कापसात लोखंड भरलं. एक म्हने, वजन वाढवाले. दुसरा म्हने, एवढं मोठं? तिसरा म्हने, दगड महाग झाले असन. कापूस बाजूले केला, मशीन उघडी पडली. एक म्हातारे बाबा समोर आले, मशीनीले हात लावून म्हने, हे कापूस विकत घेते काय? म्हनलं, नाही बाबा. म्हने, मंग कायले आनली.

तेवढ्यात जिनिंगचा फिटर आला, बाबूसिंग. जुना मानूस, माह्या ओळखीचा, याच्यासाठीच मी अमरावतीच्या वाऱ्या करे. त्यानं मशीन पाह्यली, कशी निजली ते पाह्यलं, गिअर बॉक्सच्या झाकनातून येनारी काळी धार पाह्यली, आन साऱ्यांसमोर मले विचारलं, "रहेमान, आडवी घालाच्या आंधी तेल काढलं नव्हतं काय?"

बस. एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. मी म्हनलं, "काढलं होतं."

"मंग?"

"मंग नवं भरलं."

बाबूसिंगनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मले तं वाटलं त्या कापसात मीच शिरावं आन वरून ताडपत्री ओढून घ्यावी. सतरा वर्षं मिस्त्री म्हनवून घेतलं, आन जे गोष्ट पह्यल्या महिन्यात शिकवते, का मशीन आडवी कराची तं तेल काढा, ते मी प्रेमापोटी उलटी केली. पन मशीनीत खोट नाही. झाकन आडवं पडाले बनवलंच नव्हतं कंपनीवाल्याईनं.

विठ्ठलराव मले एक शब्द बोलले नाही. तेच बेकार झालं. बोलले असते तं मी म्हनलो असतो, आडवी घालाले कोनी सांगितलं, मंग ते बोलले असते, मंग मी, असं करता करता घर आलं असतं. ते बोललेच नाही. बाजूले ताडपत्री टाकली, मांडी घालून बसले आन काळा कापूस वेगळा, पांढरा कापूस वेगळा, असं हातानं वेचाले लागले. जो कापूस एका डाव वावरात वेचला तोच परत वेचून राह्यले. त्याईच्या मालकीनबाई मैनाबाईनं आन त्याईनं मिळून, वाकून वाकून, झाडाझाडावरून काढलेला होता तो. मले लाज वाटली. मी समोर बसलो, मीही वेचाले लागलो. माह्या हाताले सवय नाही, मी एक वेचे तवर ते पाच वेचे. दुपारपर्यंत आम्ही दोघं तसेच. चार वाजता वेचून झालं, पांढरा जिनिंगवाल्यानं घेतला, बरा भाव देला. काळा राह्यला. अडीच क्विंटल.

मी म्हनलं, "विठ्ठलराव, हा माहा. पांढऱ्याच्या भावानं."

तवा ते पह्यल्यांदा बोलले. म्हने, "तू काय करशीन याचं?"

म्हनलं, "हात पुसीन."

विठ्ठलराव हसले नाही. पन ट्रॅक्टर चालू करताना मले म्हने, समोर बस, मांगं थंडी लागन. तवा माह्या जीवात जीव आला.

तं अशा रीतीनं, ज्या साली कापसाले कोनी विचारे ना, त्या साली आमच्या खानदानात पह्यल्यांदा कापूस खरेदी झाला. ग्रेड न लावता.

घरी आलो. बकरीदले पाच दिवस. आता मशीन आत न्याची. तुम्ही म्हनान, दरवाजा मोजला नव्हता काय? मोजला होता. मशीनही मोजली होती. दोन्ही आकडे कागदावर लिहिले होते, एक शर्टाच्या खिशात, एक पॅन्टच्या. दोघाईची भेट झाली नव्हती. समोरचा दरवाजा अरुंद, आत लेथ आडवा, त्याच्या वरून मशीन जात नाही. राह्यली मांगची बाजू. मांगं गल्ली, गल्लीत सैपाकघराची भिंत.

मी गुलनारकडे पाह्यलं. गुलनारनं भिंतीकडे पाह्यलं, मशीनीकडे पाह्यलं, मांगं ट्रॉलीत अडीच क्विंटल काळा कापूस होता त्याच्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता बर्तनं भरते. तं म्हने, "भिंत तोडनी है तो तोडो. पर जब बनेगी, तो उसको लगके मेरा ओटा बनेगा. खड़े रहके पकाने का. काले पत्थर का. सतरा साल से बैठके पका रही हूँ मैं."

तोडली. चुलीवरचं भांडं उचललं आन भिंत तोडली. मशीन लाकडाच्या गोल बल्ल्यांवर, एक समोर टाकली का मांगची काढाची, अशी दोन दिवसात सैपाकघरातून दुकानात, लेथच्या मांगं. ओढाले अर्धं गाव. विठ्ठलराव सगळ्यात समोर, ओरडून राह्यले, "उभी न्या, उभी, आडवी कराची नाही." मंग भिंत बांधली, भिंतीले लागून ओटा बांधला, त्याच्यावर काळा चकचकीत पत्थर. गुलनार ओल्या सिमेंटच्या बाजूले स्टूल घेऊन बसली, कोनाले हात लावू दे ना.

बकरीदच्या आदल्या दिवशी आसिम हजर. टेम्पो घेऊन. रिकामा. सोबत दोरखंड. मले सलाम केला, घड्याळाकडे पाह्यलं नाही, मानूस चांगला हाय. तेवढ्यात लाइट आली. त्या दिवसाईत लाइट येनं म्हंजेही एक सण होता. मी कटर चढवला, गोल तुकडा बांधला, बटन दाबलं. मशीन चालली. घरघर नाही, थरथर नाही. पह्यला दात पडला, दुसरा पडला. विठ्ठलराव दारात उभे, मैनाबाई उभ्या, गुलनार ओट्यापाशी हाताची घडी घालून. बारावा दात पडला तवा आसिमनं बोट फिरवून पाह्यलं. त्याच्या वर्कशॉपात चार मशीनी हायेत, तो काही असा-तसा नाही. त्यानं डोळे मिटले आन म्हने, "दुल्हाभाई… मशीन में खोट नहीं है."

माह्या जिंदगीचं सोनं झालं. मी म्हनलं, मंग?

म्हने, "मंग क्या, इसको औरंगाबाद ले चलते हैं. आप भी, आपा भी, मशीन भी. टेम्पो खड़ा है."

 फक्त कटर फिरून राह्यला. विठ्ठलराव चपला घालून निंघून गेले. मी पाह्यलं, गल्लीच्या टोकापर्यंत त्याईनं वळून पाह्यलं नाही, आन मंग ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला, मंग तो दूर दूर गेला.  मशीन चालली होती, गुलनारची अट मी पुरी केली होती, आन तरी माहं जानं तथीच्या तथी उभं. साळा म्हनून राह्यला, इज्जतीनं म्हनून राह्यला. याले नाही कसं म्हनावं?

आसिम भिंतीपाशी गेला, हातानं ठोकून पाह्यली. म्हने, "अंदर इधर से ही लाए थे ना? तो इधर से ही निकाल लेंगे. ये दीवार और ये पत्थर हटाया, के काम हो गया."

गुलनार समोर आली. ज्या बाईनं सहा महिने माह्यामांगं औरंगाबाद, औरंगाबाद लावलं होतं, ते बाई. तिनं आपला पदर घेतला, आसिमनं जिथं हात लावला होता तथी पत्थर पुसला, आन म्हने, "आसिम, बेटा, चाय पीएगा?"

आसिमनं एका डावात समजून घेतलं. शहाना हाय.

दुसऱ्या दिवशी सण झाला, गळाभेट झाली, तिसऱ्या दिवशी आसिम निंघाला. टेम्पो रिकामा कायले जाऊ द्याचा, म्हनून मी त्याच्यात तो काळा कापूस भरून देला, त्याच्या कारागिराईले हात पुसाले. त्याचा फोन अजूनही येते, जुम्म्याले, पन आता तो विचारते, दुल्हाभाई, वो कपास और है क्या?

आन मी अथीच. आता त्या सालानंतर बोरीतून गंज लोकं गेले, कोनी पुण्याले, कोनी सुरतेले. मंग कोनीतरी बाहेरचा मानूस येते, कधी पेपरवाला असते, दुकानात बसते, चहा पिते, आन विचारते, रहेमानभाई, सारे गेले, तुम्ही काहून नाही गेले? आन वही उघडून मोठ्या आशेनं माह्या तोंडाकडे पाह्यते, का हा आता या मातीबद्दल काहीतरी बोलन.

मी म्हनतो, ओटा नवा हाय.